फ्लोरामावशीचा हलवा

फ्लोरामावशी आमच्या घरात आली ती लिंबांमुळे. शिकागोजवळच्या शॉमबर्गला येऊन आम्हाला जेमतेम आठ महिने झाले होते. बाबांचा दिवस कारखान्यात जायचा, माझा शाळेत, आणि आई घरात एकटी रेडिओ लावून बसायची. रेडिओवरचं तिला फारसं कळत नसे, पण घरात माणसाचा आवाज हवा म्हणून. एका शनिवारी आम्ही वाणसामान आणायला गेलो असताना, भाजीच्या रांगेत पाठमोरी उभी असलेली एक बाई लिंबं दाबून बघत स्वतःशीच म्हणाली, "मेली रबराची आहेत नुसती." आईच्या हातातली पिशवी खाली पडली. आठ महिन्यांत घराबाहेर ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य होतं. त्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, अंगावर साडीवर चढवलेला जाडजूड कोट होता, आणि ती रेवदंड्याची निघाली. आई पेणची. दोघी त्या दुकानात तासभर उभ्या राहिल्या, बाबांनी गाडीचा हॉर्न वाजवेपर्यंत.

ती ज्यू आहे हे आम्हाला पुढच्या आठवड्यात तिच्या घरी गेल्यावर कळलं. दाराच्या चौकटीला एक छोटीशी डबी तिरकी ठोकलेली होती. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, आत देवाचं वचन आहे, येता-जाता हात लावून नमस्कार करायचा. कोकणातले ज्यू म्हणजे कोण हे आईला चांगलं ठाऊक होतं. "अगंबाई, म्हणजे शनवार तेली ना तुम्ही?" ती म्हणाली. मावशी हसली. "तेच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे." मावशी हॉस्पिटलात नर्स होती आणि शनिवारची ड्यूटी तिला दर वेळी टाळता येत नसे, पण शनिवारी घरातली चूल पेटवायची नाही हा नेम तिने अमेरिकेतही सोडला नव्हता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिचा सगळा स्वयंपाक उरकलेला असे. मटण आणि दूध त्यांच्यात एका जेवणात चालत नाही, म्हणून मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, घासायचे ब्रशसुद्धा वेगळे. तिचं स्वयंपाकघर इतकं लख्ख असायचं की आमच्याकडे येणार असली की आई आधी आपला ओटा पुसून घ्यायची.

त्या घरातले आवाज मला अजून आठवतात. हलवा हाटताना कढईच्या बुडाला लागणाऱ्या लाकडी डावाचा घुमल्यासारखा आवाज, तिच्या नवऱ्याचा, सॅमकाकांचा, खोकला, लहान मुलांचा कलकलाट, आणि मावशीचं अखंड बोलणं. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून दोन दोन तास हाटत राहायचं, मग ताटात थापून वर बदाम. चिकाचा हलवा. गायीचं दूध त्यात नसतं, म्हणून मटणाच्या जेवणावरही चालतो, हे तिनेच मला समजावलं होतं. मला हाटायला दिलं की दहा मिनिटांत माझा हात भरून यायचा. "नीले, हात बदल, पण थांबू नको," ती म्हणायची. "थांबलीस की खाली लागतं." आता याच शॉमबर्गमध्ये मेथीच्या जुड्या तीन दुकानांत मिळतात आणि हलव्याची पाकिटं फ्रीजरमध्ये रचलेली असतात. मी कधी घेत नाही.

दहा-बारा मराठी घरं जमल्यावर आमचं छोटंसं मंडळ उभं राहिलं. ते आता नाही. बाबा त्याचे सेक्रेटरी, वसंतकाका अध्यक्ष. वसंतकाका आणि सुमनकाकू आमच्याच गल्लीत राहत आणि त्यांची मंजू तेव्हा चार वर्षांची होती. मंडळाचा पहिला फलक रंगवला तो फ्लोरामावशीने. तिचं अक्षर सुंदर होतं. पहिल्या गणपतीच्या आरतीला ती टाळ्या वाजवत मागे उभी राहिली होती आणि नंतर प्रसाद घेऊन आईला म्हणाली होती, "शकू, रेवदंड्याला आमच्या शेजारी असायचा गणपती. आई आम्हाला नवे कपडे घालून बघायला पाठवायची."

मी पंधरा वर्षांची असताना इतिहासाच्या बाईंनी आम्हाला एक मोठा निबंध लिहायला दिला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत ज्यू लोकांच्याच डोक्यावर सगळ्याचं खापर का फोडलं गेलं? मी महिनाभर लायब्ररीत बसले. हरलेले सेनापती पराभव कबूल करायला तयार नव्हते, म्हणून घरातल्याच कुणीतरी दगा दिला अशी कहाणी रचली गेली. नोटांची किंमत कागदाइतकी झाली, मग कामं गेली, आणि लोकांना आपल्या हालांना एक चेहरा हवा होता. तो चेहरा कुठला असावा हे शेकडो वर्षांच्या द्वेषाने आधीच ठरवून ठेवलं होतं. साथ आली की यांनीच विहिरीत विष कालवलं असं म्हणायची युरोपात जुनी चालच होती. शंभरात एकही ज्यू नव्हता त्या देशात. त्यांची मुलं त्याच युद्धात जर्मनीसाठी मेली होती. तरी सावकार तेच आणि सावकारांविरुद्ध क्रांती करणारेही तेच, असं एका दमात म्हटलं जाई आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नसे.

हे सगळं मी एका शनिवारी दुपारी मावशीला वाचून दाखवलं, इंग्रजीतून वाचत आणि मराठीतून समजावत. ती थंड पोळीभाजी खात ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "चांगलं लिहिलंयस. आमच्या हॉस्पिटलात एक म्हातारी येते, हातावर नंबर गोंदलेला. मला विचारते, तू कुठली? मी सांगते, इंडियाची. ती विचारते, तिथे तुम्हाला कुणी त्रास दिला? मी म्हणते, नाही बाई. आमचे लोक शेकडो वर्षं राहिले तिथे, कुणी बोट लावलं नाही. तिला खरंच वाटत नाही." हे सांगताना तिने खांदे जरा ताठ केले होते. मी तो ताठपणा पाहिला, आणि आपल्या लोकांबद्दल मलाही अभिमान वाटला.

त्याच महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. आमच्या शाळेने उपाहारगृहाचा हॉल वापरायला दिला होता. त्या वर्षीचा तो पहिला कडक उन्हाचा दिवस. आईने सकाळी उठून शेवयांची खीर केली होती, दोन मोठी पातेली. मावशीने आदल्या दिवशी, शुक्रवारी, हलव्याची चार ताटं थापून ठेवली होती. दुपारी बाराला आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा आई आणि बाबा सजावटीचं सामान घेऊन आत गेले आणि आई मला म्हणाली, "नीला, डिकीतली दोन्ही पातेली फ्रिजमध्ये ठेव, आणि मगच मैत्रिणींकडे जा." पहिलं पातेलं मी ठेवलं. परत येताना मैत्रिणी भेटल्या, नाचाची तालीम सुरू होत होती, आणि दुसरं पातेलं डिकीतच राहिलं.

मला ते आठवलं तेव्हा पाच वाजायला आले होते. डिकी उघडली तर आतून भट्टीसारखी वाफ आली. पातेलं हाताला गरम लागत होतं, झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं. मी वास घेतला. आंबूस होता का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की नाही. पण वरून भुरभुरायला म्हणून आईने वेलदोड्याच्या पुडीची बाटली दिली होती, ती मी सगळीच्या सगळी त्यात ओतली आणि ढवळली. वास नव्हता तर मी ते का केलं? मग पातेलं उचलून फ्रिजमध्ये पहिल्याच्या मागे सरकवलं. दुसरं पातेलं उघडलं ते अर्धी पंगत उठल्यावर. मंजूने दोनदा खीर मागून घेतली. आई वाढण्यात होती, तिने काहीच खाल्लं नाही. बाबांना दुधाचे पदार्थ आवडत नसत, त्यांनी हलवा घेतला. आणि मी खीर घेतली नाही. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

रविवारी सकाळपासून फोन सुरू झाले. पाच-सहा घरांत उलट्या, जुलाब. मंजूला तर हॉस्पिटलात न्यावं लागलं, सलाईन लावलं. तिच्या वॉर्डात त्या दिवशी फ्लोरामावशीचीच ड्यूटी होती. दिवसभर ती मंजूच्या उशाशी होती असं नंतर कळलं. मंजू मंगळवारी घरी आली. पण त्या दोन दिवसांत जेवायच्या टेबलाशी बसून मी देवाला जे जे कबूल केलं होतं ते मंजू घरी आल्यावर मी सगळं विसरले.

फोनवर सगळे एकमेकांना एकच विचारत होते, तुम्ही काय खाल्लंत? वरण-भात, बटाट्याची भाजी, खीर हे कुणाच्या बोलण्यातच येत नव्हतं, कारण ते तर नेहमीचंच. नवीन एकच होतं. आई रिसीव्हर कानाशी धरून उभी होती आणि पलीकडून सुमनकाकूंचा आवाज मला जेवणघरापर्यंत ऐकू येत होता. "अगं, तो हलवा शुक्रवारी केलेला म्हणे! शिळा! शनिवारी चूल पेटवत नाहीत ना ती माणसं. आणि काय काय घालतात त्यात कोणास ठाऊक. मटणाच्याच भांड्यात करत असेल." आईने मावशीचं स्वयंपाकघर पाहिलं होतं. तिने एवढंच म्हटलं, "असेल बाई. मला नाही माहीत." रिसीव्हर ठेवला आणि ती मोरीपाशी गेली. दुसरं पातेलं तसंच पडलेलं होतं. तिने ते हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तोंड घातलं. मग ती नळ सोडून पातेलं घासायला लागली. खूप वेळ घासत होती. तिने मला त्या दिवशी काही विचारलं नाही आणि पुढे मरेपर्यंत विचारलं नाही.

मंगळवारी शाळेच्या मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावून घेतलं. काय झालं ते लेखी द्या, नाहीतर यापुढे हॉल मिळणार नाही. संध्याकाळी वसंतकाका आमच्याकडे आले. मी चहा नेऊन ठेवला आणि तिथेच घुटमळले.

"हे लोक आधीच म्हणतात, इंडियन लोकांचं जेवण अस्वच्छ असतं," वसंतकाका म्हणाले. "काहीतरी ठोस सांगायला हवं. मोघम लिहिलं तर सगळ्या मंडळावर येईल."

बाबा म्हणाले, "पण हलवा मी दोनदा घेतला. मला काही झालं नाही."

"तुमचं पोट लोखंडाचं आहे हो!" काका हसले. बाबाही हसले. कारखान्यात एक स्क्रू निसटला तरी आठवडाभर कारण शोधणारा माणूस माझा बाप. तो हसला, आणि त्याने पुढे काही विचारलं नाही.

"फ्लोराबाईंना एकदा विचारायला हवं पण," बाबा जरा वेळाने म्हणाले.

"कशाला? उगाच रडारड होणार. नावही लिहायला नको. पाहुण्या होत्या म्हणायचं. आणि तशा त्या… म्हणजे आपल्याच आहेत, पण तशा नाहीत ना."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. आई आत उभी राहून ऐकत होती. मी दारात उभी राहून ऐकत होते. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, खरंच आले होते. पण मंजूचा सलाईन लावलेला हात डोळ्यांसमोर आला. सुमनकाकू आपल्याशी कधी बोलणार नाहीत, मैत्रिणींना कळेल, शाळेत कळेल, एवढंच मनात आलं. बाबांचं इंग्रजी चांगलं होतं, पण टायपिंग माझं चांगलं. त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. हा पदार्थ आमच्या समाजाबाहेरच्या एका पाहुण्या बाईंनी आदल्या दिवशी तयार करून आणला होता, यापुढे असं होणार नाही. 'समाजाबाहेरच्या' या शब्दात माझी एक चूक झाली म्हणून मी कागद काढून टाकला आणि सगळं पत्र पुन्हा पहिल्यापासून नीट टाइप केलं.

मावशीला कुणी काही बोललं नाही. कुणी भांडलं नाही. फक्त पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं तिला गेलं नाही, त्याच्या पुढच्याचंही नाही. एकदा ती आमच्या दारात आली, दुपारची, ड्यूटीच्या कपड्यांतच. मी जिन्यावर बसले होते.

"शकू, माझं काही चुकलं का?"

"छे गं. काहीतरीच काय," आई म्हणाली. पण दार पूर्ण उघडलं नाही. "जरा पाहुणे यायचे आहेत. नंतर फोन करते."

पाहुणे कुणी यायचे नव्हते. फोनही आईने केला नाही. दार लावून ती तिथेच उभी राहिली, कपाळ दाराला टेकवून. त्यानंतर मंडळासाठी तिने कधीच खीर केली नाही. मी शनिवारी मावशीकडे जाणं सोडलं ते अभ्यासाचं कारण सांगून. माझ्या निबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. इतिहासाच्या बाईंनी मला पुढे बोलावून तो वाचायला लावला. मी स्पष्ट आवाजात वाचला, साथ आणि विहिरींच्या परिच्छेदासकट. वाचताना अडखळले असते तर आज जरा बरं वाटलं असतं. अडखळले नाही.

माझी नात मॉरिसव्हिलला असते. मागच्या महिन्यात तिलाही शाळेत तोच विषय आला. फोनवर मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, असं आमचं चालतं. ती म्हणाली, "आजी, आय डोन्ट गेट इट. एव्हरीबडी खोटं का बोलत होतं?" मी तिला युद्ध, नोटा, बेकारी सगळं सांगितलं. ते खरंच आहे. त्या देशात जे घडलं ते आणि आमच्या उपाहारगृहातली खीर यांना एका मापाने मोजण्याइतकी मी खुळी नाही. पण सगळे खोटं बोलत नव्हते, हे मी तिला सांगू शकले असते. सुमनकाकूंना तो हलवाच बाधला असं वाटत होतं, मनापासून. खोटं फक्त एक-दोघांना ठाऊक असावं लागतं, बाकीच्यांना ते सोयीचं असलं की पुरतं. हे मी तिला बोलले नाही. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

आई गेली त्या वर्षी मी मावशीला शोधून काढलं. सॅमकाका केव्हाच गेले होते आणि ती शिकागोच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात होती. अंगावर स्वेटर, पांढरे केस कापलेले, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. मी नाव सांगितलं तेव्हा तिने ओळखलं आणि इंग्रजीत म्हणाली, बस. मी मराठीत बोलत राहिले, ती इंग्रजीतून उत्तरं देत राहिली. शेवटी मी एका दमात सगळं सांगितलं. डिकी, पातेलं, वेलदोडे, पत्र. पत्राचं तिला माहीत नव्हतं. ते ऐकताना तिने खुर्चीच्या हाताला धरलं.

मग तिने नर्ससारखं विचारलं, "किती तास होतं गाडीत?"

"पाच."

तिने मान हलवली. "मंजूला आणलं तेव्हा डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं? सुमन म्हणाली, हलवा. मी तिला बाहेर बसवलं आणि मंजूला विचारलं. ती म्हणाली, खीर, दोन वाट्या. डॉक्टरांना मी तेच सांगितलं." आता ती मराठीत बोलत होती, एकेक शब्द शोधत. "मला तेव्हाच कळलं. खीर शकूची, तेही कळलं."

"मग तू बोलली का नाहीस मावशी?"

"कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर शकूचं नाव घ्यायचं की नाही, याचा मी खूप विचार करून ठेवला होता. दोन रात्री झोपले नाही. पण कुणी विचारलंच नाही." ती पुढे म्हणाली, "तू सांगितलं असतंस ना, तर तुला चार शब्द बोलले असते, आणि पुढच्या गणपतीत हसले असते त्याच्यावर. नीलाने खीर नासवली म्हणून. मला तर कुणी रागावलंसुद्धा नाही."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने पाय मागे घेतले. रागाने नाही, तिला ते आवडत नसावं. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि विचारायची मला हिंमत झाली नाही. मी उठले तेव्हा म्हणाली, "त्यानंतर मराठी बोलायला मला कुणी राहिलंच नाही गं. मुलं इंग्रजीत, सॅम गेला. शब्द… सुटले. परत ये. माझ्याशी मराठीत बोल. मला वेळ लागतो, पण तेवढी थांब."

मी म्हटलं, येईन, दर शनिवारी येईन.

मी दोनदा गेले. पहिल्यांदा तिने माझा हात धरून रेवदंड्याच्या समुद्राबद्दल सांगितलं, अर्धं मराठीत. दुसऱ्यांदा ती शब्द शोधत असताना मी घड्याळाकडे पाहिलं, आणि तिने ते पाहिलं. मग थंडी आली, रस्ते निसरडे झाले, माझा गुडघा दुखत होता, आणि तिथपर्यंत दीड तास ड्राइव्ह करावं लागे. ही सगळी कारणं खरी आहेत. मार्चमध्ये तिच्या मुलीचा फोन आला. ती इंग्रजीत म्हणाली, शेवटच्या आठवड्यात आई काहीतरी बोलत होती, पण ते मराठीत होतं, आणि आम्हाला कुणालाच समजलं नाही.